ऐकणाऱ्याचा रकाना

सुरुवातीलाच माफी मागतो. सुनंदा परब मॅडमवर लिहिण्याचा हक्क माझा नाही. त्यांच्याबरोबर अकरा वर्षं काम केलेली माणसं आहेत, त्यांचं घर आहे, त्यांनी जपलेली पुस्तकं ऐकून परीक्षा दिलेली मुलं आहेत. मी त्यांना जेमतेम दीड वर्ष ओळखत होतो. शिवाय मला लिहायची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि आजवर जे काही लिहिलं ते परीक्षेच्या पेपरात. तरी लिहितोय, कारण मॅडमच्या शोकसभेत एक वाक्य बोललं गेलं आणि ते खरं नव्हतं. एक विश्वस्त म्हणाले, "शेवटी शेवटी त्यांच्या हातून एक चूक झाली, पण त्यामुळे त्यांचं काम लहान होत नाही." लोकांनी माना हलवल्या. मी मागच्या रांगेत बसलो होतो. मीही मान हलवली… का, ते मला अजून सांगता येत नाही.

सभा संपल्यावर मी नेने काकूंना गाठलं. काकू म्हणजे मॅडम काम करायच्या त्या संस्थेत कोणी काय वाचायचं ते ठरवणाऱ्या बाई. त्यांना मी खरं काय ते सांगितलं. त्या बराच वेळ पर्सची चेन उघडत-लावत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला एकटीला सांगून काय उपयोग? सभेत शंभर माणसांनी ऐकलंय. लिही. आणि लिहिताना ण नीट बघ." म्हणून हे.

ही संस्था नाहूरला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, एका सोसायटीच्या तळमजल्यावर आहे. दोन खोल्या. एकीत आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना जाड स्पंज लावलेला. तिथे बसून माणसं अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं मोठ्याने वाचतात आणि ते ध्वनिमुद्रित होतं. दुसऱ्या खोलीत ते सगळे आवाज ठेवलेले असतात. कॉलेजात समाजसेवेचे तास भरायचे होते म्हणून मला तिकडे पाठवलं. मला वाटलं, आपल्याला वाचता येतंच की. काकूंनी समोर इतिहासाचं पुस्तक ठेवलं. अर्धं पान वाचून झाल्यावर त्यांनी मला थांबवलं. "बाळ, तू पाणीला पानी म्हणतोयस. कारणला कारन. ऐकणाऱ्याला पुस्तक दिसत नाही ना, तो तेच शिकेल." त्या रागावल्या नव्हत्या, पण माझे कान गरम झाले. बाहेर चपला घालत होतो तेवढ्यात दुसऱ्या खोलीच्या दारातून आवाज आला. "ए, इकडे ये. माझ्या मशीनला न-ण काही कळत नाही. मलापण यांनी नापास केलंय."

त्या मॅडम. मूळच्या मालवणकडच्या, राहायला भांडुपला. बोलणं मुंबईचं, पण मध्येच मालवणी यायचं, विशेषतः चिडल्या किंवा खूश झाल्या की. काकूंनी त्यांनाही पूर्वी एकदा वाचायला बसवलं होतं आणि "हेल फार आहे गं" म्हणून उठवलं होतं. हे त्या सगळ्यांना हसत सांगायच्या, काकूंसमोरसुद्धा.

त्या खोलीत एका लोखंडी मांडणीवर चार मशीनं होती. कोणाकोणाच्या ऑफिसातून जुनी म्हणून निघालेली मॅडमनी आणली आणि एकत्र जोडली होती. मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं ते असं: चार माणसांनी मिळून एक कपाट उचलावं तसं आहे. बाहेरच्याला एकच कपाट दिसतं. आत कुठला खण कोणी धरलाय ते त्याला कळायची गरज नाही. या प्रत्येक माणसाला नोड म्हणायचं. एक दमला तर दुसऱ्याने त्याचा खण धरायचा, म्हणून प्रत्येक पुस्तक दोघांकडे ठेवायचं. या चौघांशी बोलायचं ते काळ्या स्क्रीनवर, एकेक ओळ टाइप करून. माउसचा उपयोग नाही. "कसे आहात" विचारायची एक ओळ असते. ती दिली की एकेकाचं नाव येतं आणि पुढे कनेक्टेड किंवा डिसकनेक्टेड. चौघांची नावं मॅडमनीच ठेवलेली: बांगडा, सुरमई, बोंबील आणि हलवा. काकू शाकाहारी. त्या दारातून विचारायच्या, "काय गं, आज कोण आजारी?" मॅडम म्हणायच्या, "बोंबील वाकडा झालाय." काकू म्हणायच्या, "शी. त्यातल्या त्यात हलवा तेवढा मला चालेल." हे दर आठवड्याला व्हायचं आणि दोघी दर वेळी तितक्याच हसायच्या. माझे पप्पा इमारती रंगवायचं काम करतात. मी घरी ही नावं सांगितली तर ते एका रविवारी ब्रश घेऊन घाटकोपरहून आले आणि चारही डब्यांवर पिवळ्या रंगात नावं काढून गेले. जाताना त्यांनी "जय भीम मॅडम" म्हटलं, मॅडमनी "जय भीम" म्हणून चहा पिऊनच जा असं बजावलं. पप्पांनी घरी येऊन आईला सांगितलं, "पोरगं चांगल्या ठिकाणी आहे."

त्या खोलीत एक पद्धत होती. तीच मला इथे नीट सांगायची आहे. नुसतं विचारायची ओळ कोणीही द्यावी. पण जिच्यामुळे काही हलेल, निघेल किंवा पुसलं जाईल अशी ओळ टाइप केली की दोन्ही हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवायचे. मग ती ओळ मोठ्याने वाचायची, अक्षर न् अक्षर. दुसऱ्या माणसाने स्क्रीनकडे पाठ करून ऐकायची. त्याला पटलं तर त्याने म्हणायचं, "दे." मगच एंटर. मी पहिल्यांदा हसलो होतो. मॅडम म्हणाल्या, "टाइप करणाऱ्याचे डोळे त्याच्या मनात असतं ते वाचतात. ऐकणाऱ्याच्या मनात काही नसतं, म्हणून त्याला चूक ऐकू येते." नंतर हे एका लांब रजिस्टरमध्ये लिहायचं. तारीख, ओळ, टाइप करणारा, ऐकणारा. आणि काही बिघडलं तर जबाबदार कोण? ऐकणारा. "टाइप करणारा घाईतच असतो रे. दे म्हणणाऱ्याला घाई नसावी." स्क्रीनवर उरलेल्या कामाचा आकडा हळूहळू उतरत असला, मी खुर्चीत चुळबुळ करायला लागलो की त्या म्हणायच्या, "वायच थांब." जरा थांब. दिवसातून दहा वेळा तरी मी हे ऐकलं असेल.

दिवाळीनंतरच्या एका दुपारी बोंबील बदलायचा होता. तो फार आवाज करायला लागला होता. त्याला बाहेर काढायचं म्हणजे आधी त्याच्याकडचं सगळं इतर तिघांकडे सरकवायचं. किती फाइली उरल्या ते स्क्रीनवर दिसत राहतं. आकडा शून्य झाला की त्याला समूहातून वेगळं करायचं, मग त्याची डिस्क पुसून नव्याने भरायची. मॅडमनी सकाळी आपला मुख्य पासवर्ड टाकून सरकवायचं काम सुरू करून दिलं होतं. बाराच्या सुमारास त्या पर्स घेऊन उठल्या. "एका तपासणीला जाऊन येते. चारपर्यंत येते. तोवर नुसतं बघत बस." मी विचारलं, "कोणाची तपासणी?" "अशीच," म्हणाल्या.

मी बघत बसलो. आकडा उतरत उतरत एकेचाळीसवर आला आणि थांबला. एक वाजला, दीड वाजला, एकेचाळीस. काकू वरच्या मजल्यावर राहतात. त्या जेवायला आणि आडव्या व्हायला घरी गेल्या होत्या. मला वाटलं, अडकलंय. मला वाटलं, मॅडम येतील तेव्हा सगळं झालेलं असेल, नवा बोंबील कनेक्टेड दिसेल, आणि त्या म्हणतील, "झकास." एवढंच माझ्या मनात होतं. हे मी स्वतःची बाजू मांडायला लिहीत नाही, खरंच एवढंच होतं. वेगळं करायच्या ओळीच्या शेवटी एक शब्द जोडला की मशीन वाट बघत नाही, जबरदस्तीने करतं. तो शब्द मॅडमनीच मला शिकवला होता, कधी वापरायचा नाही हे सांगण्यासाठी. मी आधी रजिस्टर भरलं. टाइप करणारा: सुमेध. ऐकणाऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, सु. प. त्यांच्यासारखंच, प ची शेपटी लांब ओढून. मला वाटलं, त्या असत्या तर हो म्हणाल्याच असत्या. मग ओळ टाइप केली. हात मांडीवर ठेवले. मोठ्याने वाचलीसुद्धा. खोलीत कोणी नव्हतं. एंटर दिलं. नंतर डिस्क पुसायची ओळ दिली, तिच्यापुढेही सु. प.

आकडा अडकला होता तो काकूंमुळे. नवीन वाचलेलं काकू पूर्ण ऐकून पास करेपर्यंत जागेअभावी एकाच मशीनवर ठेवायचो, बोंबीलवर. काकू त्याच फाइली ऐकता ऐकता तशाच उघड्या ठेवून जेवायला गेल्या होत्या. उघडी फाइल हलत नाही. त्या खाली येऊन स्क्रीनवरची खिडकी बंद करत्या तर दोन मिनिटांत आकडा शून्य झाला असता. त्या एकेचाळीस फाइली म्हणजे बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचं राज्यशास्त्राचं एक अख्खं पुस्तक होतं. एका निवृत्त शिक्षकांनी दोन महिने येऊन वाचलेलं. त्यांचं नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यांना पुन्हा वाचणं शक्य नव्हतं. आणि ज्या मुलीने ते मागितलं होतं, रोहिणी, तिची परीक्षा मार्चमध्ये होती.

मॅडम चारला आल्या. स्क्रीन बघितली, रजिस्टर बघितलं. रजिस्टर बराच वेळ बघितलं. मला वाटलं आता विचारतील. त्या म्हणाल्या, "तू घरी जा आज." एवढंच.

आठवड्याने विश्वस्तांची बैठक झाली. मला बाहेर बसवलं होतं, पण दार लागत नाही त्या खोलीचं. कोणीतरी विचारलं, "ऐकणारा म्हणून तुमची सही आहे?" मॅडम म्हणाल्या, "आहे." "मग दे म्हणालात?" "वायच घाई झाली." मुख्य पासवर्ड त्यांच्याकडून काढून बाहेरच्या एका कंपनीकडे द्यायचं ठरलं. मी उठून आत जायला हवं होतं. मी बसून राहिलो. मला वाटत होतं, कॉलेजला पत्र जाईल, माझे तास धरले जाणार नाहीत, पप्पांना बोलावतील. जे पहिल्यांदाच घरात आलंय ते माझ्या हातून परत जाईल. मॅडम बाहेर आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "चहा घेतलास?"

ज्या मशीनांना त्यांनी एकत्र आणलं त्यांच्याकडे आता त्यांना फक्त "कसे आहात" विचारता येत होतं. माझ्यासारखंच. मला घरून बघायची परवानगी त्यांनी पूर्वीच दिली होती, "बघायचं फक्त, हात लावायचा नाही" असं सांगून. दुसऱ्या दिवशी त्या काकूंकडे गेल्या आणि म्हणाल्या, "राज्यशास्त्र मी वाचते."

काकू म्हणाल्या, "अगं पण तुझा…"

"हेल. माहीत आहे. परीक्षेत हेल विचारत नाहीत. दुसरं कोण आहे तुमच्याकडे?"

डिसेंबरात कोणीच मोकळं नव्हतं. काकूंनी पुस्तक दिलं. मॅडम स्पंजच्या खोलीत जाऊन बसायला लागल्या. एक प्रकरण, म्हणजे एक फाइल, वाचून बाहेर आल्या की रजिस्टरच्या शेवटच्या पानावर पेन्सिलने एक रेघ मारायच्या. रोहिणी दर दोन-तीन दिवसांनी काकूंना फोन करायची, काकू स्पीकर लावायच्या. "काकू, आज किती झाले? कोण वाचतंय हो हे? त्यांना सांगा, घाई करत नाहीत ते बरं वाटतं." मॅडम आतून ओरडल्या, "विचारा तिला, मास्तरांपेक्षा बरी आहे का?" रोहिणी म्हणाली, "मास्तरांना दम लागायचा. तुम्हालाही लागतो थोडा, पण तुम्ही थांबून घेता." आम्ही सगळे हसलो. मीही. दम का लागतो, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. ती तपासणी त्यांचीच होती हे मला काकूंनी सभेच्या दिवशी सांगितलं.

माझे तास भरले. मॅडमनीच फॉर्मवर लिहिलं की काम समाधानकारक. मी महिन्यातून एकदा जायचो, मग तेवढाही जाईनासा झालो. फेब्रुवारीत शेवटचा गेलो. मॅडम वाचून बाहेर आल्या, स्टुलावर बसल्या, थर्मासमधलं गरम पाणी झाकणात ओतलं. रेघा मोजल्या. "अडतीस. तीन राहिले." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुका काय सांगूचा आसा?" तुला काही सांगायचंय का, असं. मी म्हटलं, "नाही मॅडम." त्या म्हणाल्या, "बरं. वायच थांब, पाणी पिते." त्या हळूहळू पाणी पीत बसल्या. पाच मिनिटं तरी गेली असतील. आता कळतं, ती पाच मिनिटं मला दिलेली होती. मी स्क्रीनकडे बघून म्हटलं, "सगळे नोड कनेक्टेड आहेत." त्या हसल्या. "ते दिसतंय मला."

तेव्हापासून मी रोज घरून बघायचो. सकाळी कॉलेजला निघण्यापूर्वी लॅपटॉप उघडायचा, एक ओळ द्यायची. बांगडा कनेक्टेड, सुरमई कनेक्टेड, बोंबील कनेक्टेड, हलवा कनेक्टेड. मग राज्यशास्त्राच्या फाइली मोजायच्या. अडतीस. रोज अडतीस. आठवडा गेला, दुसरा गेला. मला वाटलं, मॅडम कुठे गावी गेल्या असतील. फोन करायला हवा होता. मी ठरवलं होतं की एकेचाळीस झाले की करायचा. सगळं भरून निघालं की सांगणं सोपं जाईल, असं काहीतरी मी मनाशी धरलं होतं. मॅडम गेल्या त्यानंतर मला रडू आलं नाही, अजून आलेलं नाही. सकाळी अजूनही मी तीच ओळ देतो, चौघं कनेक्टेड दिसतात आणि मी लॅपटॉप बंद करून डबा घेऊन निघतो.

काकूंनी सभेनंतर मला रजिस्टर काढून दिलं. त्या दोन नोंदींवर मी रेघ मारली आणि ऐकणाऱ्याच्या रकान्यात लिहिलं: कोणी नव्हतं. खाली माझं पूर्ण नाव घातलं. पलीकडच्या पानावर मॅडमच्या पेन्सिलच्या रेघा आहेत, पाच-पाचचे गठ्ठे, शेवटी सुट्या तीन. अडतीस. पुढच्या तीन कोणी मारलेल्या नाहीत. मीही मारल्या नाहीत.

सभेच्या आधीच्या एका मंगळवारी सकाळी फाइली मोजल्या तर एकेचाळीस. मी पुन्हा मोजलं. शेवटच्या तीन फाइली सकाळीच आल्या होत्या, कुठल्याही वाचणाऱ्याच्या येतात तशा, मॅडमच्या नावाने, त्यांच्या घरून. एक उघडून ऐकली. आवाज जवळून येत होता, फोनवर मुद्रित केल्यासारखा, आणि दोन वाक्यांमध्ये बरंच थांबणं होतं. पण त्याच होत्या. मला फार हलकं वाटलं. आई म्हणाली, "कशाला हसतोयस?" मी जिन्यात जाऊन फोन लावला. दोन रिंग झाल्या आणि उचलला गेला. थांबलो असतो तर पुन्हा धीर झाला नसता, म्हणून पलीकडून कोणी बोलायच्या आत मीच बोललो, "मॅडम, सुमेध. रजिस्टरमधली ती सही माझी होती. तुम्ही तिथे नव्हता. मी एकट्याने केलं आणि तुमचं नाव लिहिलं. माझं चुकलं, मॅडम."

पलीकडे भांड्यांचा आवाज आला. दोन-तीन माणसं हळू आवाजात बोलत होती. मग एका पुरुषाचा घोगरा आवाज आला.

"सुमेध काय? मी तिचो भाव बोलतंय. सकाळी ता पाठवलंय, पोचला मां?"

मी म्हटलं, "पोचलं."

"बरा झाला. तिना सांगून ठेवलेला, पयला ता पाठव म्हणान." तो जरा थांबला. "सुनंदा काल गेली रे."